जावयाने आणलेली आंबट बिअर

मित्रांनो, आज दुपारपासून जिवाला चैन नाही. लेक-जावई पुण्याहून आर्णीला आले आहेत. जेवणाआधी जावयाने एक बाटली उघडली आणि ग्लास माझ्या हातात दिला.

"बिअर आहे मामाजी. वर्षभर लाकडी पिंपात मुरवलेली."

जावई सासऱ्याला बिअर पाजतो, म्हणजे काहीतरी मागणार, असे वाटले. आधी वास घेतला. घरात फवारणीची औषधे असतात, त्यामुळे वास घेतल्याशिवाय मी काहीच तोंडाला लावत नाही. वास आंबूस, ओल्या लाकडाचा. एका घोटातच दात आंबले.

"जवाईबापू, हे नासली. दुकानदारानं फसवलं तुमाले."

लेक म्हणाली, "बाबा, ह्यायनंच बनवली, नोकरी करता करता. आंबटच असते हे. याच्यासाठी नोकरी सोडली ह्यायनं."

"कवा?"

"झाले चार महिने."

मी आणखी दोन घोट घेतले. दोघेही माझ्या तोंडाकडे पाहत होते, म्हणून तोंड वाकडे होऊ दिले नाही.

शहरात राहणाऱ्यांनो, खरे सांगा. अशी आंबट बिअर लोक पैसे देऊन पितात का? जावयाने स्वतःचा ग्लास अर्धा तसाच सोडला, म्हणून विचारतो.