पाळकसाहेब आणि भुऱ्या

पाळकसाहेबांचं रविवारचं प्रवचन सगळ्यात आधी त्यांचा कुत्रा ऐकायचा. शनिवारी दुपारी ते बंगल्याच्या पायरीवर बसत, भुऱ्याला समोर बसवत आणि वहीतून मोठ्यानं वाचत. भुऱ्यानं जांभई दिली की पेन्सिलीनं तेवढ्या ओळी खोडत. "हा पेंगला म्हणजे मंडळी घोरणारच," असं म्हणत. आमच्या चर्चमधली प्रवचनं आटोपशीर असायची, त्याचं श्रेय माझी आई भुऱ्याला द्यायची.

तेव्हा औरंगाबाद लहान होतं. चर्चच्या आवारात पाच-सहा घरं, त्यांतलं एक आमचं. माझे वडील, शांतवन, शाळेत शिक्षक आणि चर्चच्या पंचकमिटीचे सेक्रेटरी. पाळकसाहेबांना मूलबाळ नव्हतं. घरात ते, पाळकीणबाई, चंपी नावाची शेळी आणि मातकट रंगाचा हा भुऱ्या. जनावरांना त्यांनी कधी बायबलमधलं नाव दिलं नाही. "उगं त्यांच्यावर जबाबदारी येते," म्हणायचे.

त्यांच्या चैनीही साध्याच. शुक्रवारी जेवायला नान आणि मटणाचा खलिया हवा. सीताफळांच्या दिवसांत सायकलवर दौलताबादला जाऊन टोपलीभर फळं आणायची, मग दोघं नवरा-बायको पायरीवर बसून बी लांब कोण थुंकतं याची शर्यत लावत. "बाई, तुमचं बी कुंपणापोतर बी गेलं नाय," असं साहेब म्हणाले की बाई तोंडाला पदर लावून हसत. एवढा मोठा माणूस असं खेळतो, याचं आम्हा मुलांना फार अप्रूप होतं.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस नीट झाला नाही. आवारातल्या विहिरीनं तळ गाठला. पंचकमिटीनं तिला कुलूप घातलं आणि किल्ली वडिलांकडे दिली. माणशी एक घागर, असा हिशेब. पाळकसाहेबांनी चंपीला फुलंब्रीला बाईंच्या भावाकडे धाडलं, भुऱ्याला मात्र ठेवून घेतलं. स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायचे आणि वाचलेलं पाणी त्याला पाजायचे. लोकांना ते पटत नव्हतं. माणसांचं पाणी कुत्र्याला जातं, अशी कुजबुज व्हायची. कुणी तोंडावर बोललं तर साहेब म्हणत, "माझ्या वाट्याचं पितो तो. माझ्या अंगाचा वास येत असंल तर मागच्या बाकावर बसा."

त्याच उन्हाळ्यात माझ्या दोन वर्षांच्या भावाला हगवण लागली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्याचे डोळे खोल गेले होते. त्याच्यासाठी आईनं पाणी उकळलं आणि निवायला पायरीवर ठेवलं. ती झाकण आणायला आत वळली तेवढ्यात भुऱ्यानं पातेल्यात तोंड घातलं.

वडील ओरडले नाहीत. त्यांनी स्कूटर बाहेर काढली. भुऱ्या त्यांच्याजवळ येईना, तेव्हा ते मला म्हणाले, "तू हाक मार त्याला." मी भाकरीचा तुकडा दाखवून हाक मारली. तो शेपटी हलवत आला. मी दहा वर्षांची होते. वडील त्याला कुठं नेतायत हे मी विचारलं नाही.

संध्याकाळी पाळकसाहेब आमच्या दारात आले. "शांतवन, भुऱ्या दिसला का कुठं?"

"नाही," वडील म्हणाले.

तीन दिवस साहेब सायकलवर शहर पालथं घालत होते. हर्सूलपासून गारखेड्यापर्यंत हाका मारत फिरले. चौथ्या दिवशी करमाडच्या पुढं एका घरी प्रार्थनेला गेले असताना एक गुराखी त्यांना म्हणाला, माळावर कुणीतरी कुत्रं बांधून गेलंय. भुऱ्या बाभळीला बांधलेला होता. मेलेला. वडिलांनी नंतर आईला सांगितलं, "सोडून देणारच होतो. पण तो स्कूटरच्या मागं पळत येत राहिला."

साहेबांनी त्याला पोत्यात घालून, कॅरिअरवर बांधून घरी आणलं. बंगल्यामागच्या टणक जमिनीत स्वतः खड्डा खणला. मग हात न धुताच आमच्याकडे आले. त्यांच्या हातात निळ्या नायलॉनच्या दोरीचा तुकडा होता. विहिरीच्या दोरीचा. ती दोरी वडिलांच्या ताब्यात असायची.

"शांतवन, ही ठेवा," ते म्हणाले. "मजबूत हाय. त्यानं लई ओढली, पण तुटली नाय."

वडिलांनी ती घेतली. पुढच्या रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी साहेबांनी सगळ्यांसारखाच त्यांच्याही तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवला. त्यानंतर प्रवचनं लांबत गेली. ती आता आधी कुणी ऐकत नव्हतं.

भाऊ वाचला, मोठा झाला. शहर वाढत वाढत शेंद्र्याच्याही पुढं गेलं, करमाडच्या माळावर प्लॉट पडले. पाळकसाहेब निवृत्त होऊन शहरालगतच्याच सातारा गावात दोन खोल्यांत राहायला गेले. वडिलांना फुप्फुसाचा आजार जडला. साहेब दर गुरुवारी दोन रिक्षा बदलून त्यांना भेटायला यायचे. उशी सरळ करायचे, स्तोत्र वाचायचे, नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते विचारायचे.

वडील दर वेळी सुरुवात करायचे. "साहेब, ते तुमच्या भुऱ्याचं..."

साहेब तळहात वर करायचे. "दम लागंल, शांतवन. पडून राहा."

शेवटच्या गुरुवारी वडिलांनी त्यांचा हात घट्ट धरला होता. साहेबांनी एकेक बोट सोडवलं आणि प्रार्थना केली. शनिवारी वडील गेले. अंत्यविधी साहेबांनीच केला. वडिलांविषयी इतकं चांगलं बोलले की आई पहिल्यांदा रडली ती तेव्हा.

महिन्याभरानं मी साताऱ्याला गेले. बाई आत चहा करत होत्या. मी विचारलं, "त्यांना काय बोलायचं होतं, हे तुम्हांला माहीत होतं ना?"

"व्हय."

"मग ऐकलं का नाहीत?"

ते म्हणाले, "ऐकलं असतं तर माफ करावं लागलं असतं, पोरी. पाळक हाय मी. दुसरं काय करणार होतो?"

ते तळहात वर करतील या भीतीनं मी एका दमात बोलून टाकलं, "भुऱ्याला हाक मी मारली होती. भाकरी दाखवून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खाल्ली त्यानं?"

हो म्हणता आलं असतं. "नाही. बाबांनी त्याला धरलं. तुकडा माझ्या हातातच राहिला."

पाळकसाहेब उठले, भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. बाई दोन कप घेऊन बाहेर आल्या. एक त्यांनी माझ्यापुढं ठेवला. "पी आणि जा," त्या म्हणाल्या. "आता ते बाहेर यायचे नाहीत."

त्यानंतर मी दोनदा गेले. दोन्ही वेळा बाईंनी चहा दिला आणि साहेब झोपलेत असं सांगितलं. दाराखालून त्यांची पावलं दिसत होती. तिसऱ्यांदा गेले ती त्यांच्या मातीला.