समोरची काच भाऊच लावायचा

जाताना भाऊ काही बोलला का?

हे मी सगळ्यांना विचारलं. भुसावळहून येताना नशिराबादजवळ हायवेवर भाऊची मोटरसायकल पडली, तेव्हा आधी थांबला तो एक टेम्पोवाला. तो म्हणाला, "मी गाड्या थांबवत होतो." अँब्युलन्सचा ड्रायव्हर म्हणाला, "मी गाडी चालवत होतो." दवाखान्यातल्या सिस्टरनं मला पाणी दिलं. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला.

पण त्याआधी तो काय काय बोलला, हे अख्खं जळगाव मला सांगतंय! थंडी संपता संपता भाऊ गेला, तेव्हापासून दुकानात रोज कोणीतरी येतं, स्टुलावर बसतं, "संजूभाऊ एकदा काय म्हणाला, माहितीय का?" असं म्हणून सुरू होतं आणि चहा पिऊन जातं. गाड्या कमी येतात, किस्से जास्त.

आमचं दुकान कारच्या काचांना फिल्म लावायचं. बाजूच्या काचा मी करायचो. समोरची काच फक्त भाऊ. मला हात लावू द्यायचा नाही.

लिहायची मला सवय नाही. आठवीत मास्तरांशी भांडून दप्तर वर्गातच टाकून आलो, ते अजून तिथंच असेल. पण वहिनी आणि तनूचं धुळ्याला जायचं ठरलं, तेव्हा लिहायला घेतलं. तनू भाऊची पोरगी, यंदा पहिलीत जाईल. वहिनीचे वडील, आप्पा, यांनी तिकडं शाळासुद्धा बघून ठेवली. तनूला बाप किती आठवणार? आणि तिकडं तिला हे किस्से सांगणार कोण?

त्या जाऊ नयेत, असं मला वाटत होतं. एकदा जेवताना बोललोही, "जायचं काय कारण?"

आई म्हणाली, "तू गप जेव."

*

समोरच्या काचेची फिल्म जवळजवळ पाण्यासारखी असते. ऊन अडवते, उजेड अडवत नाही. नियमच तसा आहे. त्यामुळे लावली तरी लावल्यासारखी वाटत नाही, आणि इथंच सगळी भांडणं.

जामनेरचे एक कापूसवाले शेठ नवी गाडी घेऊन आले. भाऊनं दुपारभर खपून काच केली. शेठ बाहेरून बघतात, आतून बघतात, नखानं खरवडून बघतात.

"संजू, लावली का?"

"लावली शेठ."

"मग दिसत का नाही?"

"दिसली तर पोलिस धरतील."

"अरे पण लोकांना कळलं पाहिजे ना, की शेठनं फिल्म लावली!"

भाऊनं त्यांना गाडीत बसवून उन्हात चक्कर मारून आणली. शेठ गार होऊन उतरले, पण तोंड तसंच पडलेलं. शेवटी भाऊ म्हणाला, "शेठ, फिल्मच्या रोलावर कंपनीचं स्टिकर येतं. चिकटवून देऊ?"

शेठ खूश! ते स्टिकर अजून त्यांच्या काचेवर आहे. कोपऱ्यात नाही, मधोमध. शेठ त्याच्या बाजूनं मान वाकडी करून गाडी चालवतात.

*

फिल्म ऊन अडवते हे गिऱ्हाइकाला पटवायला दुसऱ्या दुकानांत मोठा गरम बल्ब असतो. भाऊ म्हणायचा, "जळगावात मे महिन्यात बल्ब कशाला पेटवायचा? लाज वाटते!" त्यानं दुकानासमोर उन्हात दोन काचा उभ्या केल्या होत्या, एक साधी आणि एक फिल्मवाली. दोन्हींच्या मागं एकेक केळं. संध्याकाळपर्यंत साध्या काचेमागचं केळं काळं पडायचं, फिल्ममागचं तसंच पिवळं. बघणारा तिथंच गाडी लावायचा.

एकदा रावेरकडचे एक केळीवाले आबा आले. फिल्मकडं बघितलंच नाही. ते काळं केळं उचललं आणि भाऊवर चिडले.

"हे केयं कोणाकडचं आणलं रे भो?"

"गाडीवरचं आहे आबा."

"याला केयं म्हणतात? आमच्या केयांची बदनामी करतो का तू?"

दुसऱ्या दिवशी आबा स्वतःच्या बागेतला घड घेऊन हजर. स्वतःच्या हातानं दोन केळी काचांमागं ठेवली आणि स्टूल घेऊन समोर बसले. दिवसभर ऊन खाऊन दोन्ही केळी पिवळीधमक! तीन गिऱ्हाइकं बघून निघून गेली.

भाऊ हात जोडून म्हणाला, "आबा, तुमच्या केळ्यांनी माझा धंदा बसवला!"

आबा इतके खूश झाले, की स्वतःच्या गाडीला फिल्म लावून गेले.

*

फिल्मखाली धुळीचा एक कण गेला तरी तो जन्मभर डोळ्यांसमोर राहतो. आणि आपल्याकडं उन्हाळ्यात धूळ किती! म्हणून समोरची काच करताना भाऊ शटर ओढायचा, फरशी ओली करायचा, पंखा बंद करायचा. शर्टाचा धागा नको म्हणून शर्ट काढायचा. मग साबणाचं पाणी काचेवर आतून फवारायचा. ते निम्मं काचेवर, निम्मं त्याच्याच अंगावर.

एका बँकेतल्या साहेबांची गाडी होती. साहेब बाहेर चहा पीत होते. बाईसाहेबांची पर्स गाडीत राहिली होती, म्हणून त्यांनी शटर थोडं वर केलं आणि वाकून बघितलं. मग तशाच धावत साहेबांकडं गेल्या.

"अहो, तुमच्या गाडीत कोणीतरी उघडाबंब आंघोळ करतोय!"

हा किस्सा साहेबांनीच येऊन सांगितला. हसत सांगायला लागले. सांगता सांगता त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. मी तेवढ्यात चहा आणायला गेलो.

*

ट्रॅफिकचे एक हवालदार होते. त्यांना दाट संशय, की आम्ही काळी फिल्म लावतो. एका दुपारी काचेतून उजेड किती जातो ते मोजायचा मीटर घेऊन आले. भाऊनं नुकतीच केलेली गाडी उभी होती. मीटर लावला, बरोबर आलं. पुन्हा लावला, पुन्हा बरोबर.

"बाहेरून काय कळतंय? मी आत बसून बघतो."

"बसा की साहेब. एसी लावू का? काचा बंदच ठेवतो, धूळ नको."

"लाव."

बाहेर डांबर वितळत होतं. हवालदार आत बसले, समोर बघितलं, मान मागं टेकली आणि घोरायला लागले! ज्याची गाडी तो घाईत. भाऊनं तोंडावर बोट ठेवलं. "झोपू द्या. ड्यूटीवर आहेत."

मोठी झोप काढून हवालदार उतरले, टोपी नीट केली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "तपासणी झाली. नियमात बसते."

*

मी भाऊच्या मागं लागायचो, मला समोरची काच करू दे. तो म्हणायचा, "बारक्या, तुझा हात थंड आहे, पण डोकं गरम आहे. फिल्म चुकली तर तू ती फाडतोस. समोरच्या काचेला फाडून चालत नाही, थांबावं लागतं."

मी चिडून फिल्मखालचं पाणी काढायची रबरी पट्टी फेकायचो. तो ती उचलून धुवायचा आणि परत माझ्या हातात द्यायचा.

मग एक दिवस त्यानं भंगारातून एका गाडीची समोरची काच आणली आणि दुकानामागं दोन ड्रमांवर उभी केली. "यावर लाव. काढ. परत लाव."

मी रोज लावायचो. मागच्या गल्लीतले लोक जाता येता बघायचे. एकदा एका म्हाताऱ्या नानांनी थांबून विचारलं, "काय रे, काच इथं आहे, बाकीची गाडी कुठंय?"

भाऊ आतून ओरडला, "येतेय मागून!"

नाना खरंच थोडा वेळ थांबले.

*

भाऊ गेल्यावर समोरच्या काचेचं गिऱ्हाईक आलं, की मी सांगायचो, "ते काम बंद आहे." दुकान बाजूच्या काचांवर किती दिवस चालणार? आप्पांचं म्हणणं तेच होतं. आईला फोनवर म्हणाले होते, "दुकानच चालणार नसेल, तर माझ्या पोरीनं कोणाच्या भरवशावर राहायचं?" स्पीकर चालू होता. मी ऐकलं. वहिनीनंही ऐकलं.

पुढच्याच आठवड्यात भुसावळचे रेल्वेतून रिटायर झालेले एक काका आले. भाऊ गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. कळल्यावर स्टुलावर बसले. मी म्हणालो, "काका, दुसरं दुकान सांगतो तुम्हाला."

"तू कोण त्याचा?"

"भाऊ."

"मग लाव की!"

मी शटर ओढलं. घामानं काही दिसत नव्हतं, घामच होता असं म्हणू. पहिल्यांदा फिल्म तिरकी बसली. फाडावीशी वाटली. फाडली नाही. उचलली, परत पाणी मारलं, परत बसवली. शेवटी डाव्या बाजूला एक बारीक फुगा राहिलाच. मी काकांना खरं सांगितलं, "काका, फुगा राहिला. काढून परत करतो."

काका आत बसले. इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"माझ्या डोळ्यांसमोर नाहीये. बायको बसते तिथं आहे. राहू दे!"

घरी येऊन मी सांगितलं. आई हसली. वहिनीही हसली, भाऊ गेल्यावर पहिल्यांदा. मला वाटलं, आता जाणं रद्द होईल. तेवढ्यात आप्पांचा फोन आला, की रविवारी येतो.

*

रविवारी आप्पा जुनी जीप घेऊन आले. तोंड लालबुंद, डोक्याला टॉवेल.

"येताना बी तोंडवर ऊन, जाताना बी तोंडवर ऊन!" ते म्हणाले. धुळ्याहून सकाळी निघालं की सूर्य समोर, आणि जळगावहून दुपारी परत गेलं तरी समोरच. जीपला एसी नाही.

जेवणं झाली. कपाट, कूलर, तनूची सायकल, सगळं मागं बांधलं. आप्पा म्हणाले, "बठ्ठं सामान भराई गयं. चाला, उजेडात पोहोचू."

तनू आधीच पुढच्या सीटवर जाऊन बसली होती. ती मागं बसतच नाही. ऊन थेट तिच्या तोंडावर.

मी म्हणालो, "आप्पा, चावी द्या. समोरची काच करून देतो."

"आता?" आई म्हणाली.

"आता."

तनूला उतरवलं आणि जीप दुकानात घेतली. शटर ओढलं, फरशी ओली केली, पंखा बंद केला, शर्ट काढला. जुन्या जीपची काच सपाट असते, तशी सोपी. पण मी घाई केली नाही. कडेपासून कडेपर्यंत पाणी काढलं. एकही फुगा नाही, एकही कण नाही. बराच वेळ मी आत बसून नुसता बघत राहिलो.

शटर वर केलं तर सगळे बाहेर उभे होते. आप्पा जीपच्या दाराला हात घालून म्हणाले, "झायं का? चाला मग."

मला "झालं" म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "वाळायला लागेल आप्पा. आत्ता जीप उन्हात काढली तर फिल्म सुटेल. उद्या सकाळी निघा."

आप्पांनी वहिनीकडं बघितलं. "आसं ऱ्हास का वं?"

वहिनी लग्न होऊन आली तेव्हापासून दुपारचा चहा दुकानात तीच आणायची. भाऊ समोरची काच संपवून हात पुसायचा आणि लगेच गिऱ्हाइकाच्या हातात चावी द्यायचा. हे तिनं किती वेळा पाहिलं असेल!

तिनं काचेकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"हो आप्पा," ती म्हणाली. "वाळू द्यावी लागते."

आणि खाली वाकून तिनं तनूच्या सँडलचे पट्टे सोडले.

त्या संध्याकाळी वहिनीनं शेवभाजी केली. आप्पांनी दोनदा मागून घेतली.

सकाळी लवकर निघाले. तनू पुढंच बसली, वहिनीच्या मांडीवर. सकाळी धुळ्याकडं जाताना ऊन पाठीमागं असतं. आप्पांनी जीप चालू केली, तेव्हा मी म्हणालो, "एक मिनिट," आणि ती काच बाहेरून पुसून दिली.