भरल्या पोटी कवायत

गोरक्षनाथ मास्तरांना अख्खा पाथर्डी तालुका शिट्टीवाले मास्तर म्हणून ओळखायचा. गळ्यात पितळी शिट्टी, कमरेला पांढरी अर्धी चड्डी आणि पायात कॅनव्हासचे बूट, त्यांना रोज खडूची भुकटी फासलेली. ज्या गावातली माणसं दिवाळी झाली की कोयते घेऊन ऊस तोडायला जातात आणि पोरं हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालतात, तिथे व्यायाम शिकवायला पगारी माणूस ठेवावा, हा विनोद गावाला वर्षानुवर्षं पुरला. "मास्तर, आमची म्हस बी आनू का कवायतीला?" असं पारावरून कुणीतरी विचारायचंच. मास्तर रागवत नसत. "रांगेत उभी राहत असेल तर आणा," म्हणत आणि पुढे जात.

लोकांचं हसू गिळायची ही ताकद त्यांना संघामुळे आली होती. अखिल भारतीय आरोग्य व शारीरिक शिक्षण संघ असं त्याचं लांबलचक नाव. देशभरच्या ड्रिल मास्तरांनी एकत्र येऊन काढलेला. पोटाला चिमटा घेऊन मास्तर त्याची वर्गणी भरत आणि टपालानं येणारी पुस्तिका पोथीसारखी वाचत. नखं कापावीत, श्वास नाकानं घ्यावा, भरल्या पोटी व्यायाम करू नये. ही वाक्यं त्यांची पोरं पाढ्यांसारखी म्हणून दाखवत. आपण एकटे येडे नाही, आपल्यासारखे हजारो आहेत आणि त्यांना या कामाची किंमत कळते, एवढ्याच आधारावर हा माणूस उन्हात उभा राहत होता. एकदा तरी संघानं आपली पोरं पाहावीत, ही त्यांची आयुष्यातली एकुलती एक हाव होती.

बहात्तर साली पाऊस फिरकलाच नाही. ऊसही नव्हता, त्यामुळे कोयते घरातच राहिले आणि सगळं गाव पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर माती वाहू लागलं. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळे, तिची भाकर घशाखाली उतरत नसे. आणि नेमकं त्याच हिवाळ्यात संघाचं संमेलन नगरला भरलं आणि मास्तरांच्या शाळेला, पोरं खांद्यांवर चढून रचतात त्या मनोऱ्याच्या प्रात्यक्षिकाचं बोलावणं आलं.

मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. आईबाप आढेवेढे घेतील असं त्यांना वाटलं होतं, पण झालं उलटंच. ज्यांनी कधी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं तेही पोराला पुढे ढकलू लागले. संमेलनात जेवण होतं ना!

मनोऱ्याच्या टोकाला पुंजाराम चढायचा. कडूबाईचा मुलगा, अकरा-बारा वर्षांचा. बाप काम शोधायला पुण्याकडे गेला तो गेलाच, घरात आई आणि धाकटी बहीण. पोरगं मुळातच किरकोळ, त्यात त्या महिन्यांत आणखी उतरलेलं. सरावाला ते सरसर वर जाई, खालच्यांना भार म्हणून जाणवत नसे. "शाब्बास, पुंजा. हलका झालास, बरं झालं," असं मास्तर एकदा म्हणाले. ते मनापासून म्हणाले, हेच वाईट. आरोग्याच्या पुस्तिका पाठ असलेल्या माणसाला पोरगं हलकं का झालं, एवढा साधा प्रश्न पडला नाही.

नगरला जायच्या दिवशी एसटी अंधार असतानाच निघाली. करंजी घाटात दोन पोरांना उलट्या झाल्या, पण पोटातून पाण्याशिवाय काही पडलं नाही. मास्तरांना वाटलं, पोरं नियम पाळून आली. खरी गोष्ट अशी होती की तिथं मिळणारच आहे तर इथली भाकर कशाला मोडायची, असा हिशेब बहुतेक घरांनी केला होता.

मैदानाच्या कडेला मांडवात पुऱ्या तळल्या जात होत्या. बुंदीची परात भरून ठेवली होती. पुंजा मास्तरांजवळ येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, बुंदी बी हाय."

"आहे ना. मनोरा झाला की खायची."

तेवढ्यात संघाचे चिटणीस आले. भला माणूस. पोरांकडे बघून म्हणाले, "लांबून आलीत मुलं. आधी खाऊन घेऊ द्या, मास्तर. आपण कार्यक्रम नंतर घेऊ."

इथे मास्तरांनी मान हलवली असती तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण संघाच्या माणसासमोर उभं राहायची ही पहिलीच वेळ. ते ताठ होऊन म्हणाले, "नको साहेब. भरल्या पोटी व्यायाम करू नये. आपल्याच पुस्तिकेत आहे."

चिटणीसांनी कौतुकानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मास्तरांच्या जन्माचं सार्थक झालं.

शिट्टी वाजली. खालची पोरं बसली, त्यांच्या खांद्यांवर दुसरी चढली, मनोरा थर धरून उभा राहिला. पुंजा टोकावर पोचला. सलामीसाठी त्यानं हात उचलला, लोकांनी टाळ्या सुरू केल्या आणि तो झोकांडला. खालच्या सहादेवनं त्याचा पाय धरायला हात घातला, पण पाय निसटला. पोरगं डोक्यावर पडलं. इस्पितळात नेलं, तिथे ते संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही.

मास्तर त्याला घेऊन गावात आले. कडूबाई रडली नाही. मास्तरांच्या तोंडाकडे बघत तिनं एवढंच विचारलं, "जेवला हुता का?"

आयुष्यात खोटं न बोललेला तो माणूस म्हणाला, "हो. पुरी, बुंदी. पोटभर."

मग ती रडली.

पंधरवड्यानं मास्तर पाझर तलावाच्या कामावरून जात होते. पाटी भरता भरता कडूबाई शेजारणीला सांगत होती, "प्वॉर हावरं माझं. मास्तर रोज सांगायचं, खाऊन कवायत करू नगा. बुंदी बघून ऱ्हावलं नसंल त्याला. खाऊन चढलं आन् पडलं."

दिलासा म्हणून दिलेलं खोटं मेलेल्या पोराच्या माथी बसलं होतं. त्यांनी कडूबाईला बाजूला बोलावलं आणि सगळं सांगितलं. पुंजा उपाशी होता, चिटणीस जेवा म्हणत होते, आपणच नको म्हणालो. "दोष माझा आहे, कडूबाई. त्याचा नाही."

कडूबाई पदरानं तोंडावरची माती पुसत राहिली. मग म्हणाली, "त्या दिशीची त्याची भाकर म्या पोरीसाठी ठिवून घेतली हुती, मास्तर. तुमी जेवला म्हनला, तवा माज्या घशाखाली घास उतारला. आता ते माघारी घिऊ नगा."

"पण लोक पोराला नावं ठेवतील."

"ठिवू द्या. जेवला हुता." आणि ती पाटी उचलून चढावर चालू लागली.

मास्तरांनी संघाची वर्गणी पुढे भरली नाही. नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं, शिट्टी गळ्यात राहिली. फरक एवढाच की कवायतीआधी ते रांगेतल्या प्रत्येकाला विचारू लागले, "काय खाऊन आलास?"

सुगी परत आली, तरी काही घरांत ती पोचली नव्हती. एके सकाळी नवीन आलेलं एक पोरगं छाती पुढे काढून म्हणालं, "काईच न्हाई, मास्तर. खाऊन कवायत करू नये. पुंजाराम तसाच मेला ना?"

सगळी रांग मास्तरांकडे बघत होती. लांब बांधावर कडूबाई गवत कापत होती. मास्तर म्हणाले, "हो," आणि त्या पोराला सावलीत नेऊन बसवलं. मग आपल्या डब्यातली भाकर काढून त्याच्या हातावर ठेवली.