पुंजारावांच्या सेटमध्ये शिरलेला उखाणा

विंचूरच्या पुंजारावांची उभी हयात रेडिओच्या पोटात डोकं घालून गेली. सत्तरी उलटली तरी देवळातल्या सप्ताहाचा बिनतारी माईक त्यांनीच बनवायचा. पण गेल्या वर्षी कुठल्याशा कांदा लिलावाचा आवाज भर कीर्तनात भोंग्यात शिरला. बुवा म्हणाले "विठ्ठल", भोंगा म्हणाला, "माल भिजलेला हाय, बोला!" गाव पोट धरून हसलं. पुंजाराव चार दिवस घराबाहेर पडले नाहीत.

यंदा देवस्थानचे अध्यक्ष भारतभाऊ स्पष्टच बोलले, "दादा, पुन्हा असं झालं तर विकतचा माईक आणू."

पुंजारावांनी महिनाभर खपून नवा सेट बनवला. त्यांची बायको कुसाबाई चाळीस वर्षं एरियल धरून धरून या विद्येत मुरलेली. ती म्हणाली, "अहो, यातबी कुणीबी शिरंल."

"तू तुझी भाकरी बघ."

चाचणीला सकाळी सगळे देवळात जमले. पुंजारावांनी ऐटीत माईक उचलला. "आता परका आवाज आला तर मिशी उतरवीन!"

तेवढ्यात भोंगा खाकरला.

"बिनतारी सेटाला बिनकडीचं दार, पुंजारावांचं नाव घेते, शिरले मी आरपार!"

बायांनी टाळ्या पिटल्या. एरवी "आमचे हे" म्हणणाऱ्या कुसाबाईंनी घरबसल्या, नवऱ्याच्याच जुन्या सेटवरून, साऱ्या गावाला नाव ऐकवलं होतं!

"दादा, मिशी राहू द्या," भारतभाऊ हसू दाबत म्हणाले, "पण सप्ताहाला तीनच दिवस हायेत."

पुंजाराव तणतणत घरी आले. "लाज काढलीस माझी!"

"सप्ताहात निघाली असती, ती आज निघाली. बुवांचं कीर्तन तरी मोडलं नाय."

त्यांनी सेटचं झाकण उघडलं, डाग द्यायची सोल्डरिंगची सळई तापत लावली. मग म्हणाले, "उद्या पुन्हा शिर बघू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फ्रिक्वेन्सी बदलली. कुसाबाईंनी बटण फिरवत फिरवत तीही गाठली आणि भोंग्यातून विचारलं, "येताना कोथिंबीर आणता का?" मग पुंजारावांनी सेटला एक बारीक शिट्टी शिकवली. माईकबरोबर ती शिट्टी आली तरच भोंग्याने तोंड उघडायचं, नाहीतर गप्प.

तिसऱ्या दिवशी ते तासभर भोंग्याखाली कान देऊन बसले. चिमण्या तेवढ्या ऐकू आल्या. भारतभाऊंनी तिथंच नारळ फोडला. "दादा, हाच सेट!"

पुंजाराव धावतच घरी आले. "आज बोलली नाहीस?"

"बोलले नाय कशी? घसा बसला! चार उखाणे घेतले."

पुंजारावांनी उंबऱ्यातच बसकण मारली. "मग आता इथंच घे. एकसुद्धा ऐकू आला नाही मला."

कुसाबाईंनी पदर तोंडाला लावला.