दिंगताईंचा फोटो

आमच्या शाळेत पास व्हायला कुणीच तयार नसे.

माझं सगळं आयुष्य प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेलं. निकालाच्या दिवशी आईच्या पदराआड लपणारी मुलं मी खूप पाहिली. निवृत्त झाल्यावर यांगझोऊतल्या ज्येष्ठांच्या विद्यापीठात चित्रकलेच्या वर्गाला नाव घातलं, तेव्हा पास होण्याच्या धास्तीने लपणारी माणसं पहिल्यांदा भेटली. कारण अगदी साधं होतं. पास झालेल्याने वर्ग सोडायचा आणि जागा बाहेर ताटकळलेल्या कुणाला तरी द्यायची. तेव्हा नावनोंदणी फोनवर होत नव्हती. उजाडायच्या आत फाटकाशी घडीची स्टुलं टाकून माणसं रांगेत बसत. एकदा बाहेर पडलेल्याला पुन्हा आत शिरता येईल, याची खात्री कुणी देत नसे.

परीक्षा अशी नव्हतीच. वसंतात मोहरी फुलली की वर्गाची सहल निघे आणि सहलीत वर्गाचा फोटो काढत. ज्यांची दोन वर्षं भरली त्यांनी फोटोत उभं राहायचं. ज्याचा चेहरा फोटोत दिसेल त्याचं प्रमाणपत्र तयार होई. चेहरा नसेल तर अभ्यास अपुरा राहिला असं धरून पुन्हा बसायची मुभा मिळे. ही रीत कुणी पाडली ते ठाऊक नाही, पण 'चला, फोटो' अशी हाक आली की अर्धा वर्ग दिसेनासा होई. कुणाला लघवीला लागे, कुणाची चष्म्याची डबी बोटीत राहिलेली असे. लाओ फान तर नेमका तेव्हाच बुटाची नाडी बांधायला विलोच्या झाडामागे जाई. त्याच्या बुटांना नाडी नव्हती.

लाओ फानने उमेदीची वर्षं हमामात लोकांच्या पाठी चोळण्यात घालवली होती. हात दणकट, त्यामुळे त्याच्या कुंचल्याखाली बांबूसुद्धा जाडजूड होत. आमचे शेन सर वयाने त्याच्या मुलापेक्षा लहान, पण ते वर्गात आले की आम्ही सगळे उठून उभे राहायचो, फान सगळ्यांच्या आधी. एकदा सर त्याच्या चित्रापाशी बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "ऊस चांगला आलाय, फानकाका." त्यानंतर वर्गात त्याचं नावच ऊसवाला पडलं. तोही कमी नव्हता. "पास केलंत तर बांबू काढून दाखवीन," असं सरांना सुनवायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा ऊसच काढायचा.

मी शिक्षिका, म्हणून पहिल्याच दिवशी मला मॉनिटर केलं. फोटोच्या वेळी नावं पुकारायची ती मीच, त्यामुळे फोटोवाल्याच्या बाजूला उभी राहून मीही आपोआप सुटायचे.

पण मला सांगायचंय ते दिंगताईंबद्दल. दिंग सुछिन त्यांचं नाव. टॉवेलच्या गिरणीत होत्या. नवरा लवकर गेला, मुलगा दूर शेन्झेनला. गिरणीच्या जुन्या चाळीत एकट्याच राहायच्या. वर्गात त्या खिडकीजवळ बसत, फारसं बोलत नसत, आणि कागदाचा तुकडाही वाया घालवत नसत. पानभर ऑर्किड काढून झालं की कोपऱ्यात उरलेल्या जागेत एखादी कोळंबी काढून ठेवायच्या. हात चांगला होता. शेन सर दरवर्षी म्हणायचे, तुमचं शिकून झालंय हो. त्या मान हलवायच्या आणि पुढच्या सत्रात पुन्हा खिडकीपाशी येऊन बसायच्या. आमचा वर्ग बुधवारी असे. "बुधवार गेला तर आठवड्यात उरलं काय?" असं त्यांनी एकदा मला विचारलं होतं.

फोटोच्या वेळी पळ काढायची त्यांची तऱ्हा सगळ्यांहून वेगळी होती. त्या लपत नसत. सगळ्यांच्या पिशव्या घेऊन त्या फोटोवाल्याच्या मागे उभ्या राहायच्या. दोन्ही खांद्यांना पिशव्या, गळ्यात थर्मास, काखेत छत्र्या. "द्या इकडे, मी बघते," म्हणायच्या, आणि वर फोटोत उभ्या राहिलेल्यांना सूचनाही द्यायच्या. जरा मागे व्हा. रुमाल नीट करा. कॉलर वळलीय तुमची.

मुलांकडे बघून बघून मला माणसांच्या हातांकडे लक्ष द्यायची सवय लागलीय. एका सहलीत मला दिसलं की दुसऱ्याला कॉलर सरळ करायला सांगताना दिंगताईंचा हात पिशव्यांच्या ओझ्यातून वर येतो आणि स्वतःचीच कॉलर सरळ करतो. मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली. सहलीच्या आदल्या दिवशी त्या न चुकता केस सेट करून घ्यायच्या. अंगात निळं जाकीट असायचं, एरवी कधी न दिसणारं.

परतीच्या बोटीत मी त्यांच्याशेजारी बसले. चहात उकडलेली अंडी सोलता सोलता विचारलं, "ताई, फोटोत यायचंच नसतं तर केस कशाला करून येता?"

त्या अंड्याचं टरफल रुमालात गोळा करत राहिल्या. मग हळूहळू सांगितलं. चौथीत असताना त्यांना शाळेतून काढलं होतं. आई कामाला जायची आणि धाकटा भाऊ अंगावरचा. त्याला पाठीला बांधून त्या पाणी आणायला निघाल्या होत्या, आणि वाटेत शाळेच्या पटांगणात त्यांचाच वर्ग रांगेत उभा दिसला. गावात फोटोवाला आला होता, चौथी संपल्याचा फोटो काढायला. मुलींनी त्यांना पाहिलं, हाका मारल्या. त्या धावत गेल्या.

"मला वाटलं, मलाही उभं करतायत," दिंगताई म्हणाल्या. "त्यांना दप्तरं धरायला कुणीतरी हवं होतं."

भाऊ पाठीवर, दप्तरं हातांत, आणि समोर वर्ग हसतोय. त्या वर्गातल्या मुलींची नावं त्यांना अजून ओळीने पाठ होती. वर्गाच्या फोटोत उभं राहायची इच्छा तेव्हापासूनची. पण आता उभं राहिलं की बुधवार जाणार. म्हणून दरवर्षी तयारी करून यायच्या आणि दरवर्षी पिशव्या उचलायच्या.

पुढच्या वसंतात मी लाओ फानला ही गोष्ट सांगितली. कुणाला सांगू नका असं त्या म्हणाल्या नव्हत्या. फानने ऐकून घेतलं, नाक ओढलं, आणि या वर्षी अंडी खारट होतील का फिकी, असलं काहीतरी बोलून विषय बदलला. मला जरा रागच आला.

त्या वर्षीची सहल कालव्याकाठच्या एका गावाला होती. मोहरीची पिवळी शेतं पार पाण्यापर्यंत उतरलेली. फोटोग्राफीच्या वर्गात शिकणारे एक गृहस्थ कॅमेऱ्याचं तिकाटणं घेऊन आले होते. ते उभं करायला त्यांना इतका वेळ लागला, की आमच्यातल्या दोघींचं जेवणसुद्धा उरकलं. मग मी नावं पुकारली. दिंगताई नेहमीसारख्या पिशव्या गोळा करायला निघाल्या. लाओ फान विलोमागे गेला.

मी दिंगताईंच्या खांद्यावरची पहिली पिशवी धरली. म्हटलं, "आज द्या माझ्याकडे."

"नको, लूबाई." त्यांनी पट्टा घट्ट धरला. "माझा बुधवार जाईल."

वर्गात मी मुलांना पुष्कळ समजावलंय, पण इथे समजावण्यासारखं काही नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

तेवढ्यात विलोमागून लाओ फान बाहेर आला. पँट झटकली, सरळ चालत जाऊन मागच्या रांगेत उभा राहिला. सगळे बघतच राहिले. शेन सरांनी चष्मा काढला.

"फानकाका, नाडी बांधून झाली?"

"झाली एकदाची," तो म्हणाला. "दिंगताई, चला. एकटीला पास केलं तर मागे इथे ऊस कुणाला दाखवू?"

कुणीतरी हसलं. मग एकेक जण बोटीतून, झाडामागून, शेताच्या बांधावरून येऊन रांगेत उभा राहायला लागला. कुणाला कसलं काम उरलं नाही. दिंगताईंनी माझ्याकडे पाहिलं. पिशव्या उतरवल्या. धरायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून सगळ्या गवतावर ठेवल्या, छत्र्या त्यांच्यावर रचल्या. मग त्या पुढच्या रांगेच्या मध्यावर येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्याशेजारी.

"हलू नका," फोटोवाले म्हणाले. आणि कालव्यातून पाळीव हंसांचं एक कुटुंब वर आलं, थेट पिशव्यांकडे. एकाने चोच घालून अंड्यांची पुडी बाहेर ओढली. फान मागून ओरडला, "ताटात मुकाट पडून असतात मेले, इथे चोऱ्या करतात." तेवढ्यात बटण दाबलं गेलं.

फोटोवाले पुन्हा काढूया म्हणत होते. पण रांग केव्हाच मोडली होती. सगळे हंसांमागे धावत होते आणि सवयीने दिंगताई पिशव्या उचलायला लागल्या होत्या.

पुढच्या बुधवारी मी विद्यापीठाच्या फाटकाशी गेले. वर्ग सुटला होता, काही काम नव्हतं, पाय गेले म्हणून गेले. लाओ फान तिथे आधीच घडीचं स्टूल टाकून बसला होता. नावनोंदणी शरदात, म्हणजे मधे अख्खा उन्हाळा.

"पहिला नंबर माझा," तो म्हणाला. "माउथ ऑर्गनच्या वर्गाला बसणार. कवळी निघून पडली तर पडली."

थोड्या वेळाने दिंगताई आल्या, हातात थर्मास आणि काखेत स्टूल. केस अजून सेट केलेलेच होते. त्यांनी स्टूल उघडलं, फानच्या मागे मांडलं आणि "दुसरा माझा," म्हणून बसल्या. तो सगळा उन्हाळा आम्ही दर बुधवारी तिथे बसलो. पहारेकरी आम्हाला हसायचा, मग आमच्याच थर्मासमधला चहा प्यायचा.

तिथेच एका बुधवारी फोटो आले. आम्ही तिघं एका फोटोवर वाकलो. सगळा वर्ग तोंड उघडून डावीकडे बघतोय. कुणाचा नुसता कान आलाय, कुणाची मान वळलीय. शेन सरांचा हात हवेत आहे, माझ्या चेहऱ्यावर तर चोर पकडल्याचा भाव. एकट्या दिंगताई सरळ समोर बघतायत. त्यांना हंस दिसलेच नसावेत.

फान म्हणाला, या फोटोवर प्रमाणपत्र कसं देतील, सगळे नापासच दिसतायत. दिंगताईंनी तो फोटो डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितला. अंगठ्याने कडेची धूळ पुसली.

"कॉलर सरळ आलीय," त्या म्हणाल्या.