नीलमच हवा

माझा पहिला साखरपुडा एका पाचूवरून मोडला.

२०१४ची गोष्ट. आशागडजवळ आमची चिकूची वाडी आहे आणि वाडीच्या कडेला रोपवाटिका. वडील गेल्यावर ती मीच चालवत होते. रायणीच्या, म्हणजे खिरणीच्या, खुंटावर चिकूची कलमं बांधायची, माती, वाळू आणि शेणखत कालवून पिशव्या भरायच्या, तयार रोपं टेम्पोत चढवून द्यायची. त्या वर्षी वाणगावच्या एका घरी माझं जमलं. साखरपुड्यात त्यांनी मला पाचूची अंगठी घातली. चार काट्यांवर उंच बसवलेला हिरवा खडा, दिसायला देखणा. मी ती घालूनच कामाला जात असे. बोटात घालायची वस्तू कपाटात ठेवायची मला सवय नव्हती. पावसाळा संपेपर्यंत वाळूने घासून खडा आंधळा झाला. मग एक दिवस खताची गोण ओढताना काटा गोणीत अडकला आणि पाचूचा कोपरा उडाला.

होणाऱ्या सासूबाई घरी आल्या तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"खडा नाजूक असतो गं," त्या म्हणाल्या. "लग्नानंतर हे मातीतलं काम करायचं नाहीच आहे. आत्तापासून सोडलंस तर खडाही टिकेल आणि हातही."

"करायचं नाही, हे कोणी ठरवलं?" मी विचारलं.

त्या आईकडे बघून हसल्या. मी त्यांच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई बोलते ते बरोबरच आहे ना." त्या आठवड्यात मी वाणगावला गेले, अंगठी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि चहा न घेता परत आले.

त्यानंतर घरात खरी तापली ती माझी आत्या. वडिलांची थोरली बहीण, राहायला डहाणूत, पण आमच्या घरातलं पान तिच्यावाचून हलत नसे. "मोडलेल्या मुलीला आता कोण विचारणार?" हे ती दर सणाला म्हणे. मी कलमं बांधत राहिले.

दोन वर्षांनी उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळली. तलासरीला मोटर रिवाइंडिंगचं दुकान असलेला एक जण ती दुरुस्त करायला आला. त्याचे आईवडील तिकडच्या डोंगराकडच्या गावात भात आणि नागली करायचे. त्याने मोटर उघडली आणि म्हणाला, "कोरडी चालवलीत. पाणी खाली गेलं होतं."

"पाणी होतं," मी म्हटलं.

"नव्हतं."

आम्ही विहिरीत वाकून बघितलं. पाणी नव्हतं. पण मी हार मानली नाही आणि तो हसला नाही, म्हणून तो मला आवडला. पुढे तो त्याच मोटरीसाठी इतक्यांदा आला की एकदा आईच म्हणाली, "मोटर धडधाकट आहे. मला ऐकू येतं."

२०१७ मध्ये आम्ही लग्न करायचं ठरवलं. त्याच्या घरी अंगठीची पद्धत नव्हती. "पण तुला हवी असेल तर घेऊ," तो म्हणाला.

"हवी आहे. मागच्या वेळी मला कोणी विचारलं नव्हतं. आता खडा मी निवडणार, आणि तो माझ्या कामात टिकला पाहिजे."

डहाणूच्या बाजारात आमचा नेहमीचा सोनार होता, गुजराती बोलणारा, वयस्कर. आम्ही दोघं पोचलो तेव्हा आत्या न सांगताच दुकानात येऊन बसली होती. सोनाराने आधी मोती काढले. "बेन, मोती ल्या. शांत असतो."

"शेणखतात हात असतात माझे. त्यात मोती किती दिवस शांत राहील?"

मग पोवळं आलं, तेही मऊ. पाचू मी हातानेच बाजूला सारला. "वाळूने ओरखडा पडणार नाही असा रंगीत खडा दाखवा," मी म्हटलं.

सोनाराने चष्मा वर केला. "मग कुरुंद. हिऱ्याच्या खालोखाल तोच. माणिक, पुष्कराज, नीलम, तिन्ही कुरुंदच. रंग तेवढा वेगळा."

कुरुंद मला माहीत होता. कलमाच्या चाकूला धार लावायचा आमचा दगड कुरुंदाचाच होता. पोलाद झिजवणारा दगड बोटात घालायला मिळतो, हे मला फार आवडलं. सोनाराने तीन खडे मखमलीवर ठेवले. लाल, पिवळा आणि निळा. निळा स्टोव्हच्या ज्योतीच्या बुडाशी असतो तसा होता. मी तो उचलला.

"तो ठेव खाली," आत्या म्हणाली. "शनीचा खडा आहे. लागला तर लागला, नाहीतर घर बुडवतो."

सोनारही म्हणाला, "नीलम पहिलां उशीखाली ठेवून बघतात, बेन. वाईट स्वप्न पडलं तर परत आणा."

"पुष्कराज घे ना," आत्याने सूर बदलला. "तोही तितकाच टिकतो, यांनीच सांगितलं. गुरूचा आहे. लग्नाला चांगला."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. टिकाऊपणाच बघायचा तर पुष्कराज घेऊन मी वाद मिटवू शकले असते. मी म्हटलं, "मला पिवळा आवडत नाही."

"आवडनिवड करायची वेळ आहे का तुझी? एकदा मोडलंय."

तोवर मी दोन्ही खडे तळहातावर घेऊन बघत होते. त्या वाक्याबरोबर मी पिवळा परत दिला. "दगड एकच. त्याचा पिवळा तुकडा घर भरतो आणि निळा घर बुडवतो, हे मला पटत नाही आत्या. आणि उशीखाली मी काही ठेवणार नाही. हाच द्या. काटे नकोत, चारी बाजूंनी सोन्याची कड बसवा, गोणीत अडकायला नको."

तो माझ्या शेजारी बसून सगळं ऐकत होता. सोनाराने त्याच्याकडे बघितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "निळाच."

हिवाळ्यात साखरपुडा झाला. आत्या आली, पण जेवली नाही.

आणि होळीच्या आधी चारोटीच्या वळणावर एका टेम्पोने त्याच्या मोटरसायकलला धडक दिली. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन करून पायात सळी घातली. दवाखान्याच्या व्हरांड्यात आत्या माझ्याकडे सरळ चालत आली.

"आता तरी काढ."

मी मुठीत बोट दाबून धरलं. मी घाबरले नव्हते असं नाही. रात्रभर जागलेल्या माणसाच्या मनात काय काय येतं, ते माझ्याही मनात आलं होतं. आई रडत म्हणाली, "काढ गं, तुझं काय जातंय?" आणि मग त्याची आई उठून आली. ती मला तोवर कधी वाकडा शब्द बोलली नव्हती.

"पोरी, माझ्यासाठी काढ."

आत्याला नाही म्हणणं सोपं होतं. या बाईला नाही म्हणताना मी तिचे दोन्ही हात धरले. "नाही काढणार. तुम्ही दुसरं काहीही सांगा."

ती मागे फिरली आणि पुढचे दोन महिने माझ्याशी बोलली नाही.

शुद्धीवर आल्यावर तोही म्हणाला, "थोडे दिवस काढून ठेव. शांत झालं की घाल."

"आज काढली तर तुझा पाय माझ्या बोटाने मोडला, हे मी कबूल केलं असं होईल," मी म्हटलं. "उद्या भात गेला, गाय मेली, कोणाला ताप आला, सगळ्यांचा जाब मलाच द्यावा लागेल. जन्मभर. टेम्पोवाल्याला कोणी काही विचारलं का?"

त्याने अंगठीचा विषय तिथेच सोडला. मग म्हणाला, "दुकान बंद पडलंय. उन्हाळा तोंडावर आहे. लोकांच्या मोटरी पडून आहेत."

सकाळी रोपवाटिका आणि दुपारी तलासरी, असा तो उन्हाळा गेला. तो खुर्चीत पाय लांब करून सांगायचा आणि मी तांब्याची तार गुंडाळायचे. सुरुवातीच्या कॉइली त्याने कापून फेकायला लावल्या. नंतरच्या चालल्या. एका दुपारी त्याची आई डबा घेऊन आली. मी मोटरीच्या पोकळीत हात घालून तार बसवत होते, ग्रीस कोपरापर्यंत. तिने जमिनीवरच्या तारा बाजूला सारल्या. मग डबा उघडून माझ्यापुढे ठेवला. "हात धू आणि जेव. भाकरी कडक होईल." अंगठीबद्दल ती तेव्हाही बोलली नाही आणि नंतरही नाही. तिचं मत बदललं का, हे मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही.

वैशाखात ठरलेलं लग्न पुढे गेलं. तो काठीने चालू लागला, तोवर दुसरंच सुरू झालं. त्या हिवाळ्यात तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात जमीन हलायला लागली. भांडी वाजायची, भिंतींना तडे गेले, माणसं थंडीत अंगणात झोपू लागली. आम्ही २०१९च्या सुरुवातीला लग्न केलं, त्याच्या घरासमोरच्या शेतात, मांडवाखाली, कारण घरात पाहुणे बसवायची कोणाची हिंमत नव्हती.

पंगत बसली असताना पुन्हा धक्का बसला. मांडवाचे बांबू करकरले, बायकांनी मुलं ओढून घेतली. थांबल्यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले. आत्या माझ्या बोटाकडे बघत होती.

"बोल आत्या," मी म्हटलं. "दोन तालुके हलवले मी?"

पंगतीत कोणीतरी हसलं, मग बरेच जण. त्याची आई भाताचं पातेलं घेऊन उभी होती. मी ते तिच्या हातातून घेतलं आणि आत्यापुढे वाकले.

"भात वाढू?"

आत्याने पान पुढे सरकवलं.

"वाढ," ती म्हणाली. "आमटीही आण. हा नुसता कोरडा जात नाही."