आधी समाप्त, मग मध्यंतर

नागपुरात एखादा सिनेमा पडला की दोन माणसांना आनंद व्हायचा. ज्याचा सिनेमा शेजारच्या टॉकीजला चालू आहे तो एक, आणि दुसरा शालिकराम ठवकर.

शालिकराम मूळचा काटोलकडचा. घरी संत्र्याची बाग, तीन भाऊ आणि भरपूर काम. त्या कामातून सुटका म्हणून तो शिकायला नागपूरला आला आणि पाटबंधारे खात्यात कारकून होऊन बसला. १९६४ पासून आमच्या 'लोकघोष' दैनिकाच्या रविवार पुरवणीत तो 'पडद्यासमोर' नावाचं सदर लिहायचा. मी, मधुसूदन भुसारी, त्या पुरवणीचा प्रमुख. प्रमुख म्हणजे पुरवणीत मी एकटाच होतो, माझ्या हाताखाली फक्त एक पंखा होता आणि तोही माझं ऐकत नसे.

जो सिनेमा पंचवीस आठवडे चालला त्याच्याबद्दल शालिकराम चार ओळी खरडायचा, त्याही चिडून. पण तिसऱ्या दिवशी पोस्टर उतरलेला सिनेमा असला की धुतलेला सदरा घालून निघायचा. एका सिनेमातला नायक पहिल्या अर्ध्या तासातच मेला होता. कारण उघड होतं, त्या नटानं पुढच्या तारखा दिल्या नव्हत्या. उरलेला सिनेमा त्याच्या फोटोला हार घालून उरकला होता. सगळं नागपूर हसलं. शालिकरामनं लिहिलं, 'मेलेला माणूस भिंतीवरून संसार चालवतो, हे आपल्या प्रत्येक घरातलं सत्य इतक्या धीटपणे कोणी दाखवलं नव्हतं.' दुसऱ्या एका सिनेमात राक्षसाच्या पाठीवरची चेन दिसत होती. त्या चेनवर याचा अर्धा कॉलम.

मी शिव्या घालायचो आणि छापायचो. कारण लोक वाचायचे. त्या राक्षसाचा सिनेमा पुढे पोरांनी रविवार सकाळच्या खेळाला सात आठवडे चालवला, चेन दिसली की टाळ्या पिटायचे. सीताबर्डीवरच्या वितरकांना मात्र हा माणूस डोळ्यांसमोर नको असे. त्यांचे चालणारे सिनेमे तो झोडपायचा आणि त्यांनी गोदामात टाकलेल्यांची आरती ओवाळायचा.

त्याची बायको जयवंता मला एकदा म्हणाली, "भाऊजी, चांगल्या सिनेमाले हे मले नेत नाई, न पडलेल्याले मी जात नाई. दहा वर्सं झाले लग्नाले, आमी संगं एक बी सिनेमा पायला नाई."

एवढं सगळं असलं तरी त्याचा एक नियम होता आणि त्याबाबतीत तो हट्टी होता. फुकटचा पास घ्यायचा नाही. दिवे लागेपर्यंत उठायचं नाही. "पायल्याबिगर लिवाचं नाई, आन पायलं त्याच्यात खोटं मिसळाचं नाई," असं तो दर दोन महिन्यांनी मला ऐकवायचा, जसं काही मी उलट आग्रह धरून बसलो होतो.

१९७३च्या उन्हाळ्यात 'धुएँ की चौखट' नावाचा एक हिंदी सिनेमा आला. आला आणि आपटला. नागपुरात एकच प्रिंट होती. ती जरीपटक्याकडच्या एका टॉकीजला बारा वाजता लागायची आणि कामठीच्या टॉकीजला दीड वाजता. त्या काळी असं सर्रास चालायचं. मध्यंतरापर्यंतचे डबे एका पेटीत, नंतरचे दुसऱ्या पेटीत. इकडे अर्धा सिनेमा उरकला की नत्थूजी नावाचा माणूस पहिली पेटी जुन्या राजदूत फटफटीवर बांधून कामठीला न्यायचा, परत येऊन दुसरी न्यायचा. नत्थूजीचं वय पन्नाशीचं, पेट्या वाहण्यात वीस वर्षं गेलेली. त्यानं हजारो अर्धे सिनेमे पोचवले होते, पण पूर्ण एकही पाहिला नव्हता.

शालिकराम हा सिनेमा बघायला शुक्रवारी कामठीला गेला. शुक्रवारी तिथले माग बंद असतात, त्यामुळे टॉकीज विणकरांनी भरलेलं होतं. त्यानं काय पाहिलं ते त्याच्या लेखातच सगळ्यांनी वाचलं.

सिनेमा सुरू झाला तो एका म्हातारीपासून. दारात बसलेली, समोर झाकलेलं ताट, मागे रिकामी खाट. मग तुरुंग, दारू, कोर्ट, मुलाची तिरडी, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'समाप्त'. दिवे लागले. दुसरा कोणीही असता तर चप्पल शोधून घरी गेला असता. शालिकराम बसून राहिला, कारण विणकर बसून होते. पुन्हा अंधार झाला. सेन्सॉरचं सर्टिफिकेट आलं, नामावळी आली, आणि तोच मेलेला मुलगा पाळण्यात रडताना दिसला. मग तो मोठा झाला, पतंग उडवला, लग्न झालं. शेवटी तो सायकलवर बसून आईला म्हणतो, 'माँ, शाम तक आता हूँ', चौकटीतून बाहेर पडतो, आणि पडद्यावर अक्षरं येतात: 'मध्यांतर'. खेळ संपला.

शालिकराम तिथून थेट माझ्याकडे आला. त्याचे डोळे लाल होते. "मधुभाऊ, जागा खाली कर. पूर्ण पान पाह्यजे मले."

मी पाऊण पान दिलं. त्यानं लिहिलं, 'दिग्दर्शक आधी समाप्त म्हणतो आणि मग जन्माला घालतो. संध्याकाळी येतो म्हणून गेलेला मुलगा येणार नाही हे आपल्याला ठाऊक आहे, त्याला नाही, त्याच्या आईला नाही. आपण सगळेच मध्यंतरात घरून निघालेले लोक आहोत.' सेन्सॉरचं सर्टिफिकेट मधोमध दाखवण्याच्या धाडसावर वेगळा परिच्छेद होता. मला तो लेख फार आवडला. खोटं कशाला सांगू, घरी बायकोला वाचून दाखवला.

रविवारी लेख आला. सोमवारी धरमपेठेतले कवी, कॉलेजची पोरं आणि दोन प्राध्यापक बसनं कामठीला पोचले. मंगळवारी ते आमच्या कचेरीत पोचले. त्यांनी पाहिला होता तो एक सरळसोट रडका सिनेमा, पाळण्यापासून तिरडीपर्यंत, मध्ये सहा गाणी. एक कवी तर माझ्या टेबलावर बसचं तिकीट आपटून गेला.

बुधवारी नत्थूजी आला. दारातच चपला काढून उभा राहिला.

"सायेब, माह्याच हातून झालं जी. त्या दिशी जरीपटक्याले सात माणसं आलती, खेळच नाई केला त्यायनं. दोनी पेट्या दारात ठेवल्या होत्या. मी रोजच्यासारखी हाताशी आली थे बांधली न निंगालो. कामठीले जाऊन पायतो त मांगची पेटी. लोकायनं शिट्ट्या मारून टॉकीज डोक्यावर घेतलं होतं. मालक म्हणे, जे हाय थे लाव. मी परत गेलो, इंटरवलपर्यंत दुसरी आणली."

शालिकराम तिथंच बसला होता. त्याचा चेहरा उतरला. मी आधी हसलो, पोट धरून हसलो, आणि मग त्याच्याकडे बघून थांबलो.

"लोक काहून नाई उठले मंग?" त्यानं नत्थूजीला विचारलं.

"थेच त मले समजून नाई रायलं, जी. रोज गोंधळ करते. त्या दिशी कोनी हाललं नाई. शेवटी तो पोरगा सायकलवर निंगाला त माह्या बाजूचा मानूस म्हणे, मत जा बेटा."

दुसऱ्या दिवशी प्रतिस्पर्धी दैनिकानं चौकट छापली: 'उलट्या खोपडीचे समीक्षण'. वितरकांनी आमच्या मालकांना फोन केला. संपादक महादेवरावांनी आम्हा दोघांना बोलावलं. महादेवराव भला माणूस, पण सिनेमा म्हणजे जाहिरातीची जागा एवढंच त्यांना माहीत. ते म्हणाले, "ठवकर, रविवारी खुलासा छापा. चूक झाली, सिनेमा सामान्य आहे, वाचकांची दिलगिरी. नाही छापला तर सदर बंद."

सदर बंद म्हणजे काय, ते मला माहीत होतं. पाटबंधारे खात्यात शालिकराम सतरावा कारकून होता, घरी तिसरा भाऊ. तो शालिकराम ठवकर असायचा तो फक्त रविवारी, दोन कॉलमात. ते गेलं की उरणार होता फायलींना नंबर टाकणारा एक माणूस.

शुक्रवारी त्यानं मजकूर आणून दिला. चांगला मोठा होता आणि स्वतःला त्यानं अजिबात सोडलं नव्हतं. 'पेट्यांची अदलाबदल माझ्या ध्यानात आली नाही. समाप्त वाचूनही ज्याला कळत नाही त्यानं समीक्षा लिहावी का, हे वाचकांनी ठरवावं.' नत्थूजीचं नाव कुठेही नव्हतं. पण शेवटी तीन वाक्यं होती: 'तरीही मी पाहिलेला सिनेमा चांगला होता. तो एकदाच लागला, दोनशे विणकरांनी आणि मी पाहिला. त्याबद्दल मी दिलगीर नाही.'

तो गेल्यावर मी ती तीन वाक्यं कापली.

चांगल्या मनानं कापली. महादेवराव ती वाचून पेटले असते, सदर गेलं असतं, आणि हा माणूस तीन वाक्यांपायी मातीत गेला असता. त्या वाक्यांच्या जागी मी लिहिलं, 'चित्रपट प्रत्यक्षात सामान्य दर्जाचा आहे. वाचकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.' महादेवरावांनी पाठ थोपटली. सदर वाचलं. मला वाटलं, शालिकराम पेढे घेऊन येईल.

सोमवारी तो जेवणाच्या सुट्टीत आला. हातात पुरवणी होती.

"मधुभाऊ, हे सामान्य दर्जाचा कोनं लिवलं?"

"मी. अरे, तुझं सदर वाचवलं मी, शालिक."

"तू पायला काय सिनेमा?"

"नाही."

"उलटा नाई, त सुलटा?"

"नाही रे. वेळ कुठं होता?"

"मंग लिवलं काहून?"

मी बोललो बरंच. महादेवराव, वितरक, त्याचा संसार, सगळं काढलं. त्यानं पुरवणीची घडी करून माझ्या टेबलावर ठेवली. "सदर ठेव तुले. तूच लिव आता. तुले त पाहाची बी गरज नाई."

आणि तो गेला. मला राग आला. इतका राग आला की मी खरंच ते सदर स्वतः लिहायला घेतलं आणि नऊ वर्षं लिहिलं. पासावर गेलो, मध्यंतराला उठलो, कधी गेलोही नाही, वितरकाच्या छापील पत्रकावरून उतरवलं. एकाही वाचकाचं पत्र आलं नाही. एकदा एका सिनेमाची खूप तारीफ केली, तर कळलं की तो अजून लागायचाच होता.

शालिकराम कामठीच्या एका साप्ताहिकात लिहू लागला. ते साप्ताहिक लग्नपत्रिका छापणारा एक माणूस काढायचा, लग्नसराईत तर चार चार अंक निघायचेच नाहीत. पण तिथं कोणी त्याचं काही कापत नव्हतं. हळूहळू नागपूरची पोरं शुक्रवारी बसस्टँडवर तो अंक शोधू लागली. तो ज्याच्यावर लिहायचा तो पडलेला सिनेमा कॉलेजची मंडळं मागवून बघू लागली. वितरक गोदामातले डबे झटकून देऊ लागले, आणि सीताबर्डीवर त्याला लोक आधी नमस्कार करू लागले. मी नऊ वर्षं तो अंक विकत घेत होतो. त्याला सांगितलं मात्र नाही. लाज वाटायची.

१९८२ साली एका कॉलेजच्या फिल्म मंडळानं दुपारी चार वाजता त्याचं व्याख्यान ठेवलं. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. तो आता टकला झाला होता, सदरा मात्र धुतलेला. पडलेल्या सिनेमांवर तासभर बोलला, तेही आपल्या काटोलच्या बोलीत, आणि पोरं हसून हसून बेजार. शेवटी एक चष्मेवाला पोरगा उठला.

"सर, तो 'धुएँ की चौखट' उलटा दाखवला होता म्हणतात. ती प्रिंट तर केव्हाच गेली. खरंच एवढा चांगला होता, की तुम्ही चूक झाकायला गोष्ट रचली?"

शालिकरामनं टेबलावरचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. त्याच्याजवळ दाखवायला काहीच नव्हतं.

मला राहवलं नाही. मी उभा राहिलो. "मी साक्ष देतो. मी मधुसूदन भुसारी, 'लोकघोष'चा. त्या शुक्रवारी मी कामठीला होतो. मी तो पाहिलाय. फार चांगला होता."

नऊ वर्षांनी मी त्याच्या बाजूनं उभा होतो. शालिकरामनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"खोटं बोलून रायला हा," तो पोरांना म्हणाला. "यानं नाई पायला. बस खाली, मधुभाऊ."

पोरं एवढी हसली की बाकं हलली. मी खाली बसलो. चष्मेवाला पोरगाही हसला आणि वहीत काहीतरी लिहू लागला. त्यानंतर कोणी शंका विचारली नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी तोंड चुकवून सायकल स्टँडकडे निघालो, तर तो मागून आला आणि माझ्या सायकलचं हँडल धरलं.

"खरंच पायचा होता काय तुले?"

"हो."

"मंग ऐक. पहिले त एक म्हातारी दिसते, दारात बसलेली."

आणि त्यानं उन्हात उभं राहून तो सिनेमा मला पूर्ण सांगितला.